हजेरीतल्या चार शोभा

त्या चार मुलींना नंबर मीच लावले होते, हे आधीच कबूल करून टाकते. पुढच्या सगळ्या त्राग्यात माझा स्वतःचा वाटा किती, हे घरच्यांनी मला पुष्कळदा ऐकवलं आहे. त्यांनी पुन्हा ऐकवण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

कुणकेश्वराच्या अलीकडे, सासरच्या गावात मी मास्तरीण होते. शाळा दोन खोल्यांची. तिसरी-चौथी हेडमास्तरांकडे आणि पहिली-दुसरी माझ्याकडे. पन्नास सालानंतर आमच्या भागात मुलींची नावं एकदम बदलली. त्याआधी मुली देवांच्या आणि नद्यांच्या नावाच्या असत. मग मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत असलेले बाप मे महिन्यात रजेवर येताना ट्रंकेतून साबण, कापड आणि नवी नावं आणायला लागले. त्यातलं सगळ्यात जास्त खपलं ते शोभा. एकाने आणलं, ते शेजारणीने ऐकलं, तिला आवडलं, मग तिच्या जावेला आवडलं. वाडीत एक कोंबडी आजारी पडली की सगळ्या पडतात, तसलाच प्रकार. मी हजेरी घ्यायला बसले तेव्हा माझ्या एका खोलीत चार शोभा होत्या.

बरं, बापाच्या नावाने ओळखावं तर दोघींच्या बापांचं नाव एकच. आडनावाने ओळखावं तर अख्ख्या वाडीला आडनाव एकच. "शोभा" म्हटलं की तिघी-चौघी मिळून "हजर" म्हणत आणि घरी तापाने पडलेलीसुद्धा हजर लागे. आठवडाभर हे सोसलं. मग एका सकाळी डोकं फिरलं तेव्हा चौघींना उंचीप्रमाणे उभं केलं आणि नंबर देऊन टाकले. शोभा एक, शोभा दोन, शोभा तीन, शोभा चार. हजेरी सुरळीत झाली. हेडमास्तरांनी माझ्या हुशारीचं कौतुकही केलं.

पुढे शाळा तपासायला दिपोटी आले. कोट, छत्री, सगळा सरंजाम. त्यांनी दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीला उभं केलं. बारीकशी, खालमानेची मुलगी. कधी कोणाच्या अध्यातमध्यात नसायची.

"नाव काय बाळ तुझं?" दिपोटींनी विचारलं.

"शोभा तीन."

साहेब हसले. "तीन? हे कसलं आडनाव? नीट, पूर्ण नाव सांग."

ती गोंधळली. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं तिला येत होतं. मी स्वतः पाठ करून घेतलं होतं. पण ते काही तिला आठवेना. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी तीनच मां?"

साहेब आणखी हसले. हेडमास्तर हसले, कारण साहेब हसले होते. वर्ग हसला. मुलगी खाली बसली आणि पाटी मांडीवर उलटी करून धरली. मला दिसलं, पाटीच्या लाकडी चौकटीवर तिने खिळ्याने तिनाचा आकडा कोरला होता. नाव नव्हतं कोरलं, नुसता आकडा. माझी मलाच अशी लाज वाटली की दिपोटींनी नंतर मला काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते आज आठवत नाही.

त्या दिवसापासून मी नंबर बंद केले. मी बंद केले. पोरांनी केले नाहीत. माझी पद्धत गावाला पसंत पडली होती. विहिरीवर, देवळात, त्या मुलीच्या स्वतःच्या घरातसुद्धा तिला "गो तीन" म्हणून हाक मारत. तिच्या आईला मी एकदा चांगली झापली, तर ती म्हणाली, "बाई, तुमीच घातलास मां ह्या नाव?" मी घरी आले.

वर्षभराने मला दिवस गेले. सातव्या महिन्यात सासरी ओटी भरली तेव्हा माझ्या वन्संनी, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीने, ओटीत नारळ घालता घालता जाहीर केलं, "झील झालो तर माझ्या भावाक काय होया ता ठेवांदे. चेडू झाला तर शोभा. माझा ठरलेला आसा."

आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. नऊ महिने ओझं आईने वाहायचं आणि पाळण्यात वाकून कानात नाव आत्याने सांगायचं, अशी ही सोयीस्कर वाटणी आहे. मी हळूच म्हटलं, वन्सं, शाळेत चार आहेत.

"चार आसत म्हणजे नाव बराच असतला," वन्सं म्हणाल्या. "बरो बांगडो असलो तरच लोक परत परत घेतत."

वन्सं वाईट नव्हत्या. मनाच्या मोठ्या, हाताच्या सढळ, पण एकदा बोलल्या की बोलल्या. माझ्या डोळ्यांपुढे खिळ्याने कोरलेला तो आकडा होता. माझ्या पोटातल्या पोरीने आपलं नाव म्हणून आकडा सांगता कामा नये, एवढंच मला हवं होतं. हे मागणं फार मोठं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, आचऱ्याला. मुलगी झाली. मुंबईला यांना तार गेली. बारशाला बारा दिवस होते आणि बारा दिवसांत मला असं नाव शोधायचं होतं, जे ऐकून वन्सं शोभा विसरतील. शाळेतून येताना मी एक जुना हजेरीपट आणला होता. त्याची मागची पानं कोरी होती. ओव्याच्या धुरीत डोळे चोळत मी त्यावर पेन्सिलीने नावं लिहायला लागले. शोभेच्या आसपासची आधी लिहिली, म्हणजे वन्संना फार दूर गेल्यासारखं वाटू नये. प्रभा लिहिलं आणि खोडलं, कारण माहेरच्या वाडीतच दोन प्रभा होत्या. आभा लिहिलं, विभा लिहिलं, दीप्ती लिहिलं. मग फुलं घेतली, नक्षत्रं घेतली.

आई बाळाला तेल लावत बसलेली असे. तिला मी एकेक नाव वाचून दाखवायची.

"अबोली."

"चेडू मुका होतला."

"केतकी."

"केवड्यात नाग ऱ्हवता."

"सुरंगी."

"मालवणच्या बाजारात फुलांचे वळेसार विकूक बसवतलस तेका?"

"रेवती."

"शेवटचा नक्षत्र. पाठसून झील नको काय तुका?"

"विभा."

"ह्या नाव की ठसको?"

आईला जगातलं कुठलंही नाव सांगा, तिला त्यात एक संकट दिसायचं. फक्त शोभा या नावात तिला कसलंही संकट दिसेना. "तुझी नणंद बरा सांगता, तर तुका ता नको. शोभात वायट काय आसा?" असं ती दिवसातून चारदा विचारायची आणि मी दिवसातून चारदा सांगायची, शोभा नको. वडील बोटीवर होते, वर्षातून एकदा घरी यायचे. घराचा कारभार काकांकडे, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाकडे. काका ओसरीवर सुपारी कातरत बसत आणि तिथूनच विचारत, "काय गो, ठरला? शोभाच मां?" की मी आतून ओरडायची, शोभा नको. मग आई म्हणायची, बाळंतिणीने ओरडू नये. मग मी हळू आवाजात, दात आवळून म्हणायची, शोभा नको.

दोन घरं सोडून एक वयस्कर क्रिस्ती बाय राहायची. तरुणपणी तिने गोव्याकडे शाळेत शिकवलं होतं. ती बाळासाठी लोकरीची टोपी विणून घेऊन आली आणि माझं रडगाणं तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आमी पाच भयणी," ती म्हणाली, "पाचय मारिया. फुडे एकेक नाव येगळा. काय बिघाडला? देवाक सगळी वळखूक येतत."

"आणि घरात काय म्हणत तुमका?" मी विचारलं.

"माका? मधली." तिने टोपीचा लोंबता दोरा तोडला. "आजून तेच म्हणतत. थोरली ऱ्हवली नाय, धाकटी ऱ्हवली नाय, तरी मी मधलीच."

ती टोपी ठेवून गेली. माझा धीर वाढवायला आली होती बिचारी. त्या दुपारी मी आणखी दोन पानं भरली.

सहाव्या दिवशी मुंबईहून यांचं कार्ड आलं. हे एका छापखान्यात होते आणि गावकऱ्यांच्या खोलीत राहत. खोलीत हे धरून बाराजण. माझी कळकळीची पत्रं यांना आधीच गेलेली होती, तेव्हा चार ओळी तरी स्वतःच्या डोक्याने लिहितील अशी माझी अपेक्षा होती. पण यांनी तार आल्यावर प्रश्न खोलीपुढे ठेवला. प्रत्येक खोलीकऱ्याने एकेक नाव सुचवलेलं आणि यांनी ती सगळी नावं बारीक अक्षरात कार्डावर उतरवलेली. त्यात तीन शोभा होत्या. पण एका नावाखाली यांनी रेघ ओढली होती, आणि ते नाव बघून माझा सगळा राग उतरला. वरदा. सोपं, गोड, आणि मी आयुष्यात एकही वरदा पाहिलेली नव्हती. आईसुद्धा म्हणाली, "ह्या बरा आसा." तिला त्यात नाग सापडला नाही.

पण ते कार्ड माझ्या हातात पडण्याआधी काय काय झालं होतं ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं, कारण जन्म त्याच गावात गेलेला. आमचा पोस्टमन कार्डं वाचून दाखवायचा. ज्यांना वाचता येत नसे त्यांची तो वाचायचा, हे पुण्याचंच काम. पण पंधरा-वीस वर्षं हे पुण्य केल्यावर त्याला कोणाचंही कार्ड न वाचता राहवेना. थैली घेऊन निघाला की नाक्यावरच्या दुकानात बाकावर टेकायचा आणि गावाची ख्यालीखुशाली आधी स्वतः जाणून घ्यायचा. कोणाची मनीऑर्डर येणार नाही, कोणाचा मुलगा बोटीवरून उतरला, हे ज्याचं त्याला कळण्याआधी दुकानात कळलेलं असे. माझं कार्ड देतानाच तो खिडकीतून म्हणाला होता, "घोवान तुझ्या वरदा लिवलेला आसा. माका आवाडला." मी तेव्हा नुसती हसले होते. वरदा आवडलेला पहिला माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल चांगलंच वाटलं.

दहाव्या दिवशी पलीकडच्या वाडीतून बारशाच्या घुगऱ्या आल्या. माझ्या दोन दिवस आधी तिथली एक सून बाळंत झाली होती, तिलाही मुलगी. आईने वाटी घेतली आणि घुगऱ्या आणणाऱ्या बाईला रीतीप्रमाणे विचारलं, नाव काय ठेवलं?

"वरदा," ती म्हणाली. "बारा दिस कोणाक नाव गावा नव्हता. मगे पोस्टमनान सांगल्यान."

मी वाटी तशीच ठेवली. चण्यांचा काही दोष नव्हता, पण एक दाणा गिळवला तर शपथ. दुपारी पोस्टमन आला तेव्हा मी खिडकीतून त्याला असं काही बोलले की आईने मध्ये येऊन खिडकी लावून घेतली. बाहेरून त्याचा आवाज येत राहिला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, पण आपलं काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं. "नाव काय कोणाच्या बापाशीचा आसा?" तो आईला विचारत होता. "नि वरदा दोन झाली तर काय झाला? ती मोठी वरदा, ह्या धाकला."

तेच तर. आजोळी आली की धाकटी, शाळेत गेली की दोन नंबर. मी वरदा खोडून टाकलं आणि यांचं कार्ड पुन्हा वरून खाली वाचलं. अगदी शेवटी, जागा न उरल्याने पत्त्याच्या बाजूला शिरलेलं एक नाव होतं. नीरजा. कोणा खोलीकऱ्याने सुचवलं देव जाणे. पाण्यात जन्मलेली. आमच्यासारख्या पाण्याकाठच्या माणसांना चालण्यासारखं नाव. पत्त्यात घुसलेलं असल्यामुळे पोस्टमनाने ते वाचलं नव्हतं एवढंच.

अकराव्या दिवशी संध्याकाळी वन्सं आल्या. अर्धी वाट एस्‌टीने, अर्धी चालत, डोक्यावर तांदळाची पिशवी आणि हातात बाळाचे पैंजण. बाळाला मांडीवर घेऊन बसल्या आणि पहिल्याच दमात "शोभा गो, शोभा" सुरू झालं. मी ठरवून ठेवलं होतं की भांडायचं नाही. मी त्यांना दिपोटींची गोष्ट सांगितली. ती मुलगी वन्संच्याच वाडीतली, त्या तिला ओळखत होत्या. त्यांनीही तिला तीन म्हणूनच हाक मारली असणार. पाटीच्या चौकटीवर तिने काय कोरलं होतं तेही सांगितलं. नंबर मी लावले हेही लपवलं नाही. सांगता सांगता डोळ्यांना पाणी आलं. बाळंतिणीचं मन हळवं असतं म्हणतात, पण मला बाळंतपणाआधीही ते आठवून रडू यायचं.

वन्सं बराच वेळ बाळाचे तळवे चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "बरा. तुझा नाव सांग. कानात सांगूचा माकाच आसा, माका पाठ होवक होया."

मी नीरजा म्हटलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. भाकऱ्या भाजताना त्या चुलीपुढे पुटपुटत होत्या, नीरजा, नीरजा. एवढ्या मोठ्या मनाची ती बाई, आणि मी तिच्याशी अकरा दिवस मनातल्या मनात भांडत होते. मला फार बरं वाटलं. अकरा दिवसांनी मी पोटभर जेवले.

बाराव्या दिवशी सकाळी काकांनाही नाव सांगितलं. तोंडात पान असल्याने त्यांनी मान हलवली. आमच्या घरात पाळण्याआधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत. घरातल्या वडीलधाऱ्याने देवाला सगळं सांगायचं, मागायचं ते मागायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काकांचं गाऱ्हाणं गावात नावाजलेलं. लग्न असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, माणसं त्यांना बोलावून नेत. आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. मी बाळाला घेऊन पुढे, वन्सं माझ्या शेजारी, मागे आई, शेजारणी आणि ती क्रिस्ती बायसुद्धा.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरुवात केली, "आज ह्या घरची लेक बाळंत होवन बारा दिस झाले, म्हणान तुझ्या पायाकडे नारळ ठेयलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"बाळ-बाळंतिणीक सुखी ठेव. कोणी वाकड्या नजरेन बघितला आसात, तर तेचा तेका परत कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"चेडवाचो बापूस मुंबैक आसा, माझो भाव दर्यार आसा, तेंची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या चेडवाचा नाव आज शोभा ठेवतत, त्या नावान तेका शंभर वर्सा आयुष्य दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे म्हणाले. वन्संही म्हणाल्या, ज्यांनी रात्रीपासून दुसरं नाव घोकलं होतं. आणि मीही म्हणाले, चांगल्या खणखणीत आवाजात. जन्मापासून ऐकलेलं ते. मागणं संपलं की तोंड आपोआप उघडतं, काय मागितलं ते डोक्यात शिरेपर्यंत थांबत नाही. डोक्यात शिरलं तेव्हा काकांनी नारळ फोडला होता.

"काका, नीरजा," मी म्हटलं.

काकांनी नारळाच्या दोन कवडी हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. "माका काय म्हायत," ते म्हणाले. "बारा दिस घरात एकच नाव आयकतंय. तोंडात ताच इला."

आणि ते नाव बारा दिवस घरात सगळ्यात जास्त वेळा कोण बोललं होतं? मी. नको, नको म्हणत.

मी म्हटलं, पुन्हा गाऱ्हाणं घाला, देवाला सांगा चूक झाली. काका तयार होईनात. "देवाक एकदा सांगला, तुमी सगळ्यांनी व्हय म्हटलास. आता देव काय रबर घेवन बसलोहा खोडूक?" शेजारणी काकांच्या बाजूने. आईने तर सुटकेचा श्वास टाकला. आयुष्य मागून झालं त्या नावाने, आता नाव बदललं तर ते शंभर वर्षांचं आयुष्य कोणाच्या खाती जायचं, असा तिचा सवाल. माझा सगळा राग एका बाजूला, पण बारा दिवसांच्या पोरीच्या आयुष्याशी कोण खेळणार?

पाळण्यात वाकून वन्संनी कानात नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत रीतीप्रमाणे धपाधप गुद्दे घातले. घुगऱ्या वाटल्या. दुपारी वन्सं माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मी दोनय सांगलंय गो. आदी शोभा, मगे तुझा. कानात सांगलेला कोणाक आयकाक येता?" त्यांनी माझ्यासाठी देवाला चकवलं होतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं. यांना सविस्तर पत्र लिहिलं, चांगलं बंद पाकिटातून, तर यांचं उत्तर आलं की शोभाही काही वाईट नाही, खोलीत सर्वांना पसंत आहे. ते पत्र मी चुलीत घातलं.

पुढची सहा वर्षं मी घरात तिला नीरजा म्हणत राहिले. एकटीच. मी नीरजा म्हटलं की पोरगी मागे वळून बघायची, दुसरी कोण आली म्हणून. सासरच्या वाडीत शोभांना तोटा नव्हता. आधीच्या चौघी मोठ्या होऊन गेल्या होत्या, पण त्यांच्या मागून आणखी आल्या. आणि माझी ती हुशारीची पद्धतही त्यांच्या मागोमाग चालू होती. पोरं आपसात नंबर लावून मगच खेळायला उतरायची.

माझ्या हाती एकच गोष्ट उरली होती, शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात शाईने लिहिलं जातं ते जन्मभराचं नाव. अर्ध्या गावाच्या जन्मतारखा आम्ही मास्तर लोकांनी मनाने लिहिल्या होत्या. एक नाव मनाने लिहिलं तर आभाळ कोसळणार नव्हतं. देवाला शोभा माहीत असू दे, सरकारला नीरजा माहीत होईल. काकांचा रबर देवाकडे नसेल, दौत माझ्याकडे होती. मी सहा वर्षं त्या दिवसाची वाट बघितली.

जूनमध्ये शाळा उघडली. वन्संच तिला घेऊन आल्या, नवी पाटी, वेणीला रिबीन. मी घरी तिला बजावून ठेवलं होतं की शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. रजिस्टर उघडलं. मूल दाखल करताना त्याला नाव विचारायचं ही शाळेची रीत, आपलं असलं म्हणून ती का मोडावी? टाक शाईत बुडवून मी नीरजेच्या पहिल्या अक्षरासाठी हात टेकला आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

"शोभा," ती म्हणाली. मी काही लिहिलं नाही हे बघून तिला वाटलं, उत्तर अपुरं पडलं. तिने मान ताठ केली. "शोभा पाच."

पहिली-दुसरीत बसलेल्या चौघी शोभांनी बाकावर आधीच सरकून जागा करून ठेवली होती. सगळ्यात धाकटी शोभा चार तिला हाताने बोलावत होती. माझ्या पोरीच्या तोंडावर असा आनंद होता की काय सांगू. सबंध उन्हाळा तिने या नंबराची वाट बघितली असणार, आणि मला घरात पत्ता नव्हता. मी वन्संकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

मी नीरजा लिहू शकत होते. टाक हातात होता. पण मग त्या बाकावर जाऊन ती काय सांगणार होती? मी रजिस्टरात शोभा लिहिलं. टिपकागदाने टिपलं. आकडा लिहिला नाही, तेवढं मी सांभाळलं.

पहिला तास संपताना ती पाटी घेऊन टेबलाशी आली. "बाई," ती म्हणाली, शिकवल्याप्रमाणे, "ह्या बराबर आसा?"

पाटीवर तिने पाचाचा आकडा काढला होता, मोठाच्या मोठा आणि उलटा. मी तो पुसला. तिच्या मुठीवर हात ठेवला आणि पेन्सील फिरवून पाच सरळ काढून दिला.